जॉबवर्क वेगळं, नाव भाड्यानं देणं वेगळं

परवा मामाचा फोन आला. "अरे, कोडॅकचा ४३ इंची टीव्ही स्वस्तात मिळतोय. घेऊन टाकू का? कंपनी जुनीजाणती आहे." मामाच्या लग्नाचे सगळे फोटो कोडॅकच्या रोलवर काढलेले, त्यामुळे हा विश्वास कुठून आला ते मला कळत होतं. मी सांगितलं, की रोलवाली कोडॅक अमेरिकेत रोचेस्टरला आहे आणि हा टीव्ही बनवते नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स. त्यावर मामा म्हणाला, "मग त्यात काय एवढं? ॲपल तरी स्वतः फोन कुठे बनवतं? तिकडेही फॉक्सकॉनच राबते ना!"

वरवर पाहिलं तर मामाचं बिनतोड आहे. दोन्हीकडे पुढे एक नाव आणि बनवणारा दुसराच. पण पैसा कोणाकडून कोणाकडे जातो एवढं विचारलं, की दोन्ही व्यवहार एकमेकांच्या उलटे निघतात. ॲपल फॉक्सकॉनला पैसे देतं, काम करून दिल्याबद्दल. सुपर प्लास्ट्रॉनिक्स कोडॅकला पैसे देते, नाव वापरू दिल्याबद्दल.

पहिला प्रकार आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. भोसरी, चाकण, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत शिरा, निम्मी शेड जॉबवर्कवर चालतात. ड्रॉइंग मोठ्या कंपनीचं, माल कुठला वापरायचा ते तिनं ठरवलेलं, तपासायला तिचा माणूस येणार आणि माप चुकलं तर लॉट परत. शेडच्या मालकानं तोच पार्ट स्वतःच्या नावानं बाजारात विकायचा नाही. आयफोनचं गणित आकारानं अवाढव्य, पण जात हीच. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉन असो, की कोलार जिल्ह्यातल्या नरसापूरला टाटा इलेक्ट्रॉनिक्स असो (हा कारखाना टाटांनी २०२३ मध्ये विस्ट्रॉनकडून घेतला), फोन कसा असावा हे ते ठरवत नाहीत. फोन खपला नाही तर ठोकर ॲपलला, बिघडला तर बोलणीही ॲपललाच. विस्ट्रॉन जाऊन टाटा आले, तरी गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या प्रकारात नाव ज्याचं, तो बहुतेक वेळा कारखान्यात नसतोच. ईस्टमन कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर आली. डिजिटलनं रोलचा धंदा बसवला होता, पण नाव मात्र जगभर लोकांच्या तोंडी होतं. मग ते निरनिराळ्या वस्तूंसाठी, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कंपन्यांना वापरायला दिलं गेलं. कोडॅकच्या नावाचे कॅमेरे एक कंपनी काढते, भारतातले टीव्ही दुसरी. टीव्हीत पॅनेल (म्हणजे पडदा) कुठलं घालायचं, किंमत किती ठेवायची, सर्व्हिस सेंटर कुठे उघडायचं, हे रोजचे निर्णय परवाना घेणाऱ्याचे. मूळ मालक करारात दर्जाच्या अटी घालतो, नमुने तपासून घेण्याचा हक्कही ठेवतो. तो हक्क किती कसून वापरायचा हे त्याच्या मर्जीवर, आणि आपल्याला ते बाहेरून कधीच दिसत नाही.

याच नोएडाच्या कंपनीकडे थॉमसन आणि ब्लाउपुंक्टच्या टीव्हींचाही भारतापुरता परवाना आहे. म्हणजे सेलच्या दिवसांत ऑनलाइन यादीत अमेरिकन, फ्रेंच आणि जर्मन अशी तीन नावं एकमेकांशी किमतीवरून भांडताना दिसतात, आणि तिन्ही घराची चूल एकच. हे बेकायदेशीर अजिबात नाही. पण आपण तीन कंपन्यांची तुलना करतोय असं समजून तासभर घालवणाऱ्याची मला दया येते. मीही तसा तास घालवलेला आहे.

ब्लाउपुंक्टची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये 'आयडियल' नावाची रेडिओ कंपनी हेडफोन बनवत असे. तपासणीत पास झालेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावायचे. गिऱ्हाइकं दुकानात जाऊन कंपनीचं नाव घेण्याऐवजी 'निळा ठिपका' मागू लागली, तेव्हा कंपनीनं तेच नाव घेतलं. जर्मनमध्ये ब्लाउ म्हणजे निळा, पुंक्ट म्हणजे ठिपका. पुढे कितीतरी वर्षं ती बॉश समूहात होती. बॉशनं विकल्यावर काही वर्षांत कंपनीचं दिवाळं निघालं आणि उरलं ते नाव. जो ठिपका 'हा नग आम्ही हातात घेऊन तपासला' एवढंच सांगण्यासाठी जन्माला आला, तो आता सांगतो की रॉयल्टी, म्हणजे नावाचं भाडं, भरलेली आहे. पुण्यातले दुकानदार 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी लावतात, त्याची आपण खूप चेष्टा करतो. या हिशेबात मात्र त्यांचं बरोबर आहे.

हे सगळं पडेल कंपन्यांचंच असतं असंही नाही. घरात फिलिप्सच्या चार वस्तू असतील तर त्यांचे धनी चार असू शकतात. ट्रिमर खुद्द फिलिप्सचा. दिव्यांचा धंदा २०१६ मध्ये वेगळा झाला आणि २०१८ मध्ये त्या कंपनीनं सिग्निफाय हे नाव घेतलं; दिव्यावर मात्र फिलिप्सच. मिक्सर, इस्त्री, एअरफ्रायर हा घरगुती उपकरणांचा विभाग २०२१ मध्ये हिलहाउस या गुंतवणूक कंपनीला विकला, नाव वापरण्याचा १५ वर्षांचा परवाना सोबत देऊन. ती कंपनी आज व्हर्सुनी म्हणून ओळखली जाते. टीव्ही २०१२ पासून टीपीव्ही या दुसऱ्याच कंपनीच्या हातात, आणि त्या वेळी ठरलेली रॉयल्टी होती विक्रीच्या २.२ टक्के. म्हणजे कंपनीनं ३०,००० रुपयांना विकलेल्या टीव्हीमागे नावाचं भाडं ६६० रुपये. नाव बघून आपण दुकानात त्याहून किती जास्त मोजायला तयार होतो, ते ज्याचं त्यानं आठवावं.

भारतात तर त्याआधीच एक फेरा झाला होता. २०१० मध्ये फिलिप्सनं इथल्या टीव्हीचा परवाना व्हिडिओकॉनला दिला. त्या काळात ज्यांनी हौसेनं डच टीव्ही घरी आणला, त्यांची नाळ ॲमस्टरडॅमशी नव्हे, औरंगाबादच्या पैठण रोडवरच्या चितेगावशी जुळलेली होती. मराठवाड्यातल्या गिऱ्हाइकानं फिलिप्स घेतला काय नि व्हिडिओकॉन घेतला काय, पैसा शेवटी जिल्ह्यातच! २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फिलिप्स हे नाव तेव्हाही धडधाकट होतं, आजही आहे. नाव जगतं आणि जबाबदारी घेणारा जातो, हे जॉबवर्कमध्ये सहसा घडत नाही. परवान्यात घडू शकतं.

दोन्ही प्रकार एकाच वस्तूत नांदतात तेव्हा गोंधळ पक्का होतो. २०१६ नंतरचा नोकिया फोन घ्या. फिनलंडच्या एचएमडी ग्लोबलनं नोकियाला रॉयल्टी देऊन नाव घेतलं आणि फोन जुळवायला कंत्राटी कारखान्यांना दिले. वर परवाना, खाली जॉबवर्क, मध्ये एचएमडी. २०१९ च्या शेवटी भारतात नोकियाचा टीव्ही आला, पण तो फ्लिपकार्टनं परवाना घेऊन आणलेला. नावाखेरीज त्याचं त्या फोनशी कसलंही नातं नाही, त्यामुळे फोनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टीव्हीची तक्रार नेण्यात अर्थ नव्हता.

मग परवान्याचा माल घ्यायचाच नाही का? तसं मी म्हणणार नाही. टीव्हीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचा असतो, आणि ती बहुतेक चीन-तैवानमधल्या मोजक्या कंपन्यांकडून येतात, मग पुढे नाव कोणतंही असो. परवानेवाला स्वतः कारखाना चालवत असेल आणि त्याचं सर्व्हिसचं जाळं बरं असेल, तर कमी पैशात चांगला टीव्ही मिळतो. फक्त इतिहास पाहायचा तो त्याचा, रोचेस्टरचा नाही.

तो कोण आहे हे शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. वैधमापन शास्त्राच्या (म्हणजे वजनमापांच्या) २०११ च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. अक्षरं मुंगीएवढी असतात, मोबाइलनं फोटो काढून मोठी करायची. परवाना असेल तर बहुधा तिथेच आसपास 'अमुक कंपनीच्या परवान्याखाली' अशा अर्थाची ओळ सापडते. त्याहून पक्की खूण म्हणजे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक. टीव्ही, मोबाइल, चार्जर यांवर 'आर' अक्षरानं सुरू होणारा हा आठ आकडी क्रमांक असतो. नोंदणी नुसत्या ब्रँडला मिळत नाही, विशिष्ट कारखान्याला त्या पत्त्यावर मिळते. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव समोर येतं. पण इथेही मामाची गफलत पुन्हा होऊ शकते: कारखाना वेगळा निघाला म्हणून लगेच परवाना समजायचं नाही, कारण जॉबवर्कमध्येही कारखाना वेगळाच असणार. खरी गोम वॉरंटी कार्डावर असते. तिथे वचन कोण देतंय? नावाचा मालक देत असेल तर जॉबवर्क. भलतीच कंपनी देत असेल आणि मालकाचा उल्लेख फक्त ट्रेडमार्कच्या ओळीत असेल, तर नाव भाड्याचं.

कायद्यालाही हा पेच ठाऊक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या व्याख्येत, दुसऱ्यानं बनवलेल्या मालावर स्वतःचं चिन्ह लावणारा किंवा लावून घेणाराही धरला आहे. जॉबवर्क करून घेणारी कंपनी यात सरळ सापडते. नाव भाड्यानं देऊन लांब बसलेल्या मालकाला त्यात ओढता येईल का, यावर वकिलांना बोलायला भरपूर जागा आहे.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं नाही, खोक्याचा फोटो पाठव एवढंच म्हटलं. संध्याकाळी फोटो आला, नोएडाच्या पत्त्यावर त्यानं बोट ठेवलेलं. खाली मेसेज: "कोडॅकचं राहू दे. या नोएडावाल्यांचा माणूस कराडला येतो का, ते बघून सांग."