‘इम्पीरियल आणू नये’ : डिमोलिशन डर्बीच्या गाड्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात उन्हाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांच्या जत्रा भरतात. काउंटी फेअर म्हणतात त्यांना. जनावरांचं प्रदर्शन, मुरंब्यांच्या स्पर्धा, पाळणे सगळं असतं. एखाद्या रात्री मैदानावर पाणी मारून मुद्दाम चिखल करतात आणि दहापंधरा जुन्या गाड्या त्यात सोडतात. त्यांनी एकमेकींना धडका द्यायच्या, जिची चाकं शेवटपर्यंत फिरतील ती जिंकली. ही डिमोलिशन डर्बी. तिचे नियम जागोजाग बदलतात, पण बंदीच्या यादीत एक नाव हमखास सापडतं: क्रायसलर इम्पीरियल. जोडीला शववाहिका, रुग्णवाहिका आणि लिमोझिन. एका जुन्या आलिशान गाडीला नावानिशी बंदी का, याचं उत्तर तिच्या पोटाखाली आहे.

हा खेळ नेमका कुणी काढला यावर वाद आहेत. लॉस एंजेलिसजवळच्या कॅरेल स्पीडवेवर १९४० च्या दशकातच असं काही झाल्याचं सांगतात. त्याचा रीतसर धंदा मात्र लॅरी मेंडेलसन यांनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या इस्लिप स्पीडवेवर केला, १९५८ मध्ये. जेमतेम ०.२ मैलांचा तो ट्रॅक. शर्यतीपेक्षा लोक अपघात बघायला येतात हे मेंडेलसन यांनी ओळखलं होतं. पुढे एबीसी वाहिनीने इस्लिपच्या डर्ब्या देशभर दाखवल्या आणि गावोगावच्या जत्रांना हुकमी गर्दीचा कार्यक्रम मिळाला.

खेळाला लागणारा कच्चा माल डेट्रॉइट, म्हणजे अमेरिकी मोटारउद्योगाचं शहर, फुकटात पुरवत होतं. दर वर्षी मॉडेलचं रूप बदलायचं, म्हणजे कालची गाडी आज जुनाट दिसते, ही तिथल्या कारखान्यांची रीत. पाचसात वर्षांच्या गाडीला कुणी विचारेना. भंगारवाल्याकडे न्यायची त्याऐवजी मैदानात नेली, एवढाच फरक. त्या काळात ‘गाडी निवडणं’ असं काही नव्हतं. आवारात उभी असेल ती आणायची.

निवड सुरू झाली ती चासीमुळे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यामुळे. जुन्या मोठ्या अमेरिकी गाड्यांना ट्रकसारखी वेगळी पोलादी चासी असे. इंजिन आणि एक्सल तिच्यावर, आणि पत्र्याची बॉडी वरून बोल्टांनी कसलेली. बॉडीचा चुराडा झाला तरी चासी सरळ आहे तोवर गाडी पळते. १९६० च्या मॉडेलांपासून क्रायसलर कंपनीने वेगळी चासी सोडून पत्र्याचीच एकसंध बॉडी आणली. अपवाद फक्त इम्पीरियलचा. ती १९६६ पर्यंत जुन्याच पद्धतीने बनली, आणि ती चासी इतकी दणकट की समोरच्या गाड्या वाकायच्या आणि ही जागची हलायची नाही. एकतर्फी सामन्याला तिकीट कोण काढणार? म्हणून बंदी. एकसंध बॉडी म्हणजे कमकुवत असंही मात्र नव्हे. १९६१ ते १९६९ ची लिंकन कॉन्टिनेंटल वेगळ्या चासीशिवायची, तरी तिलाही कित्येक ठिकाणी मज्जाव आहे. (आपण ज्या अ‍ॅम्बॅसिडरला रणगाडा म्हणत आलो तिलाही वेगळी चासी नव्हती, पद्मिनीलाही नव्हती. ‘जुना पत्रा जाड होता’ हे अर्धंच उत्तर आहे.)

जनरल मोटर्स आणि फोर्ड मात्र मोठ्या गाड्यांना चासी देत राहिले, आणि डर्बीचे खरे लाडके इथे सापडतात: जनरल मोटर्सच्या १९७१ ते १९७६ च्या स्टेशन वॅगन. वजन सव्वादोन टनांच्या आसपास. मागे कॉइल स्प्रिंगऐवजी ट्रकसारखे पाट्यांचे स्प्रिंग. आणि पाठ लांबलचक. ही पाठ फार महत्त्वाची, कारण मुरलेला ड्रायव्हर धडक देतो ती रिव्हर्समध्ये. पुढे रेडिएटर असतो. तो फुटला की इंजिन तापून काही मिनिटांत खेळ आटोपतो. मागे नुसता पत्रा, तो हवा तेवढा चेपू द्यावा. लांब पाठ म्हणजे मार खायला जास्त जागा.

याच सुमारास वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारनेही नकळत हातभार लावला. १९७३ च्या मॉडेलांपासून पुढच्या बंपरने ताशी ५ मैलांची धडक सोसलीच पाहिजे असा नियम आला, पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही तो लागू झाला. पार्किंगमधल्या किरकोळ धक्क्यांसाठी बसवलेले ते अवजड बंपर डर्बीवाल्यांच्या पथ्यावर पडले. त्याच १९७३ च्या अखेरीस तेलसंकट आलं. पेट्रोल पिणाऱ्या अजस्र गाड्या लोकांना नकोशा झाल्या, त्यांचे भाव कोसळले आणि पुढची कित्येक वर्षं जत्रांची मैदानं त्यांनी भरून गेली. तेलसंकटामुळे ज्यांचं भलं झालं अशा थोडक्या मंडळींत डर्बीवाले येतात.

पण त्याच संकटाने पुढचा पुरवठा तोडला. गाडीने एका गॅलनमध्ये सरासरी किती मैल गेलंच पाहिजे हे ठरवणारा कायदा १९७५ मध्ये झाला, १९७८ च्या मॉडेलांना तो लागू होणार होता. जनरल मोटर्सने १९७७ मध्येच आपल्या मोठ्या गाड्या आखडून घेतल्या. नवी इम्पाला आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३०० किलोंनी हलकी. बऱ्याच आयोजकांनी १९७६ पर्यंतच्या आणि १९७७ पासूनच्या गाड्यांचे वेगळे गट केले ते याच फरकामुळे.

सुरुवातीच्या तयारीत गाडीत काही घालायचं नसे, फक्त काढायचं असे. काचा काढा, दिवे काढा, आतलं प्लास्टिक नि मागची सीट काढा. मूळ पेट्रोल टाकी मागच्या बंपरजवळ, म्हणजे नेमकी धडक बसते तिथे. ती टाकून मोटारबोटीची छोटी टाकी सीटमागे बसवायची. बॅटरी आत, जमिनीवर. रेडिएटरमध्ये साधं पाणी. दारं साखळीने बांधायची. आग लागली तर नळी आत घालता यावी म्हणून बोनेटला भोक. ड्रायव्हरच्या दारावर धडक द्यायची नाही, हा सगळीकडचा नियम. गाडीला एक काठी बांधलेली असते, ती मोडली की तुम्ही बाद. ही झाली एका शनिवारची कामं, गॅरेजवाला मित्र असला की झालं.

मोठ्या गाड्या दुर्मिळ होत गेल्या तशी तयारी उलटी झाली. आता काढण्यापेक्षा घालणं जास्त. चासी वाकते ती मागच्या एक्सलवरच्या कमानीपाशी. म्हणून तिथे वेल्डिंगने जाड पट्ट्या. काहीजण उलट चासीला मागे मुद्दाम खाच पाडतात, म्हणजे शेपूट वरच्या बाजूला वळेल. तीच खाली वळली तर जमिनीला घासते आणि मागची चाकं अधांतरी. इंजिनाभोवती पोलादी पिंजरा, ट्रकचे मागचे एक्सल, टायरमध्ये फोम, आणि नाकाशी टोकदार असलेले १९७० च्या दशकातले क्रायसलरचे बंपर, मग गाडी फोर्ड असो की शेवरोले. स्वस्त गाडीच मिळेना तेव्हा मिळालेली टिकवण्यावर पैसा ओतला जाऊ लागला. आयोजकांनी याला आळा घालायला ‘स्टॉक’ (जवळपास मूळ रूपातल्या गाड्या) आणि ‘वेल्ड’ (वेल्डिंगने मजबूत केलेल्या) असे गट पाडले. मग वेल्डिंगचा टाका किती इंच चालेल यावरून भांडणं सुरू झाली, आणि ती अजून चालू आहेत.

जनरल मोटर्सने चासीवाल्या कॅप्रिस, रोडमास्टर १९९६ मध्ये थांबवल्या. उरली फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया. पोलीस आणि टॅक्सीवाले ती सर्रास वापरत, आणि लिलावात ती डर्बीवाल्यांच्या हाती येई. तिचाही २००३ मध्ये पुढचा भाग बदलला, आणि ‘जुनी की नवी’ असा नियमपत्रकांत आणखी एक फाटा फुटला. त्यात २००९ मध्ये सरकारने जुनी गाडी द्या नि साडेचार हजार डॉलरपर्यंत घ्या अशी योजना काढली. सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या त्यात जमा झाल्या. त्यांच्या इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची निकामी करायची आणि गाडी दाबून टाकायची, अशी अटच होती. डर्बीच्या मैदानापर्यंत त्यातलं काही पोचणार नव्हतं. शेवटची क्राउन व्हिक्टोरिया १५ सप्टेंबर २०११ रोजी कॅनडातल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आता छोट्या गाड्यांचे, व्हॅनचे, पिकअपचे गट असतात. वॉशिंग्टन राज्यातल्या लिंड गावाने तर १९८८ मध्ये धान्य काढणीची जुनी कंबाइन यंत्रंच एकमेकांवर घातली. आणि मोठ्या गाड्यांच्या गटात सामना संपला की लगेच गॅस कटर निघतो. पिंजरा, इंजिन, एक्सल, बंपर सगळं कापून ट्रेलरवर चढतं, पुढच्या गाडीसाठी. भंगारात जाते ती फक्त चासी आणि चोळामोळा झालेला पत्रा.