हेलियमचा शोध: एका पिवळ्या रेषेची २७ वर्षं

हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजी लागला, असं सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बिनदिक्कत छापलेलं असतं. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि भारतातून ते पाहणाऱ्यांना सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, इथपर्यंत सगळं खरं आहे. पण नवं मूलद्रव्य सापडल्याचा दावा त्या दिवशी कुणीही केला नाही. बहुतेकांनी ती रेषा सोडियमची म्हणून नोंदवली आणि पुढचं काम हाती घेतलं. प्रत्यक्ष हेलियम वायू एका रसायनशास्त्रज्ञाच्या नळीत यायला १८९५ साल उजाडलं. या दोन सालांच्या मध्ये जे घडलं ते एका ओळीत मावत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात काचेपासून करावी लागते. बव्हेरियातला योझेफ फ्राउनहोफर दुर्बिणींसाठी उत्तम भिंगं घडवत असे. काचेची पारख करताना १८१४ च्या सुमारास त्यानं सूर्यप्रकाश बारीक फटीतून लोलकावर सोडला, तेव्हा सप्तरंगी पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा दिसल्या. ठळक रेषांना त्यानं रोमन अक्षरं दिली. त्यांतली पिवळ्या भागातली ‘डी’ ही जोडरेषा आपल्या गोष्टीला महत्त्वाची. दिव्याच्या ज्योतीत नेमक्या त्याच जागी चमकदार पिवळी जोडी दिसते, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दोन्हींचा संबंध काय, हे कळण्याआधीच १८२६ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला.

१८३५ मध्ये ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं लिहिलं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. नमुना हाती येणार नसेल तर परीक्षा कशी करणार, हा मुद्दा त्या काळी बिनतोड होता. तो १८५९ मध्ये हायडेलबर्गला कोसळला. गुस्ताव किर्खहोफनं सूर्यप्रकाशाच्या वाटेत सोडियमची ज्योत धरली. ज्योतीच्या पिवळ्या उजेडानं ‘डी’ची काळी जागा भरून निघेल अशी अपेक्षा होती, पण ती आणखी गडद झाली. म्हणजे तापलेला वायू ज्या रंगाचा प्रकाश देतो, तोच रंग तो मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून गिळतोही. सूर्याच्या बाहेरच्या थरात सोडियम आहे, हे प्रयोगशाळेत बसून सिद्ध झालं. मग किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी याच पद्धतीनं १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधलं. अनोळखी रेषा दिसली तर ते नवं मूलद्रव्य असू शकतं, हे गणित तेव्हापासून रुळलं. फरक इतकाच, की सीझियमची संयुगं बुन्सेनच्या टेबलावर होती.

आता १८६८ च्या ग्रहणाकडे. खग्रास स्थितीत चंद्राच्या काळ्या तबकडीबाहेर गुलाबी-लाल ज्वाळा उसळलेल्या दिसतात. त्या चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, हे स्पेनमधून १८६० च्या ग्रहणात काढलेल्या छायाचित्रांनी ठरवलं होतं. त्या कशाच्या बनल्यात, हा प्रश्न उरला होता आणि वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फाकवून त्यातल्या रेषा दाखवणारं उपकरण) हाती आल्यावरचं हे पहिलंच मोठं ग्रहण होतं. खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम असा बंगालच्या उपसागराकडे गेला आणि पुढे सयामपर्यंत (आजचं थायलंड) पोचला. ऑगस्टात पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा. त्यामुळे जाणत्यांची पसंती पूर्व बाजूला होती. फ्रान्सहून आलेला झ्यूल जान्सेन आणि ब्रिटिश मोहिमेचा मेजर टेनंट हे दोघे गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणमला होता, तर त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या राज्यातल्या वनपर्तीला वेगळं पथक घेऊन गेले होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होता आणि ढगांनी त्याला चांगलंच छळलं. (सयामचा राजा मोंगकुट यानं या ग्रहणाचं गणित स्वतः केलं होतं आणि परदेशी पाहुण्यांसह तो ते पाहायला गेला. गणित बरोबर आलं. पण त्या दलदलीच्या जागी त्याला हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला.)

ज्वाळांच्या वर्णपटात सगळ्यांनाच सुट्या चमकदार रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या, आणि तो मुख्यतः हायड्रोजन. त्या दिवसाचा खरा निकाल हाच. पिवळी रेषाही अनेकांनी टिपली आणि ‘डी’ म्हणून नोंदवली. ती ‘डी’वर किंवा तिच्या अगदी जवळ आहे, अशी सावध नोंद पॉगसननं केली. पण त्याचा अहवाल मद्रासच्या सरकारी छापखान्याबाहेर फारसा पोचला नाही.

जान्सेनचं लक्ष भलतीकडेच होतं. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, असं त्याला तिथल्या तिथे वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेबाहेर नेली आणि भर उन्हात ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. यातली युक्ती साधी आहे. आकाशाच्या झगमगाटात सगळे रंग असतात. लोलकातून तो जितका फाकवावा तितका फिका होत जातो. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्याच रंगांत एकवटलेला असतो, त्यामुळे तो कितीही फाकवला तरी रेषा रेषाच राहते आणि फिकट पार्श्वभूमीवर उठून दिसते. इतके दिवस काही मिनिटांच्या अंधारासाठी लोक समुद्र ओलांडत होते, ते आता रोज घरबसल्या पाहता येणार होतं. माझ्या मते १८६८ ची मोठी बातमी पिवळी रेषा नव्हे, ही होती.

हीच कल्पना इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयरला १८६६ मध्येच सुचली होती. हा युद्ध खात्यातला कारकून, खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा नाद. हवं तसं उपकरण बनवून घेण्यात दोन वर्षं गेली. ते हातात पडलं १६ ऑक्टोबर १८६८ ला, आणि २० ऑक्टोबरला त्यानं ग्रहणाविना ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. जान्सेनचं पत्र भारतातून निघून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचलं ते २६ ऑक्टोबरला; लॉकयरच्या शोधाची वार्ताही त्याच बैठकीत आली. अकादमीनं भांडण न लावता श्रेय दोघांना वाटून दिलं. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारनं दोघांचे चेहरे कोरलेलं पदकही काढलं.

आता लॉकयरपाशी निवांत मोजमापाला वेळ होता, जो ग्रहणातल्या पाच-सहा मिनिटांत कुणालाच मिळाला नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत त्यानं पिवळ्या रेषेची जागा पक्की केली. सोडियमच्या दोन रेषा आजच्या मापानं ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही ५८७.६ च्या आसपास होती. ती सोडियमची नव्हतीच. तिला ‘डी-३’ म्हटलं गेलं. गंमत म्हणजे सूर्याच्या नेहमीच्या प्रकाशात या जागी फ्राउनहोफरची ठळक काळी रेषा नाही. हेलियमच्या अणूला ही रेषा उमटवण्याच्या अवस्थेत न्यायला भरपूर ऊर्जा लागते आणि सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग, साधारण ५,५०० अंश सेल्सिअसचा, त्यासाठी थंड पडतो. त्याबाहेरच्या पातळ थरात, म्हणजे वर्णमंडलात, आणि ज्वाळांत ती परिस्थिती असते. म्हणून कडेबाहेर पाहिल्याशिवाय हेलियम हाती लागणं कठीणच होतं.

लॉकयरनं एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीनं हायड्रोजनवर वेगवेगळे दाब आणून पाहिले. ‘डी-३’ काही उमटेना. मग नवं मूलद्रव्य हाच निष्कर्ष उरला आणि ग्रीक सूर्यदेवाच्या नावावरून हेलियम हे नाव ठरलं. जाहीरपणे ते आलं १८७१ मध्ये, ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरा अधिवेशनात विल्यम थॉमसन यांच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांच्या, अध्यक्षीय भाषणात.

इथे विजयदुर्गाचा विषय टाळता येत नाही. लॉकयरनं १८ ऑगस्ट १८६८ ला विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधलं, अशी गोष्ट मराठीत सर्रास सांगितली जाते आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ पुरावा म्हणून दाखवले जातात. ग्रहणपट्टा तिथून गेला हे खरं. पण लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हता, इंग्लंडात उपकरणाची वाट पाहत होता. मात्र गोष्ट निव्वळ हवेतली नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो खरोखरच विजयदुर्गला आला होता, तोवर ‘सर’ झालेला आणि दिमतीला ‘मेलपोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी. दुर्बिणींसाठी पक्के चौथरे लागतात, आणि कट्ट्यांची आठवण याच मुक्कामाशी जुळते. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक होऊन गेली. त्याच १८९८ च्या ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला उतरले होते, ते मात्र कुणाला फारसं आठवत नाही. विजयदुर्गाचा १८९८ चा मान खरा आणि पुरेसा आहे. त्याला १८६८ चा उसना मुकुट कशाला?

नाव मिळालं, तरी हेलियमला पंचवीसेक वर्षं अनेक रसायनशास्त्रज्ञांनी दारात उभं केलं नाही. यात निव्वळ हेकेखोरपणा होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. १८६९ च्या मेंडेलीव्हच्या तक्त्यात असल्या मूलद्रव्याला घरच नव्हतं. शिवाय आकाशातल्या अनोळखी रेषांवरून बारसं करण्याचा प्रकार इतरत्र साफ फसला. १८६९ च्या ग्रहणात सूर्याभोवतीच्या फिकट वलयात, म्हणजे प्रभामंडलात, हिरवी रेषा दिसली, तिला ‘कोरोनियम’ म्हटलं. ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली, पण हे कळायला १९४० च्या आसपासचा काळ यावा लागला. तेजोमेघांतलं ‘नेब्युलियम’ १९२७ मध्ये ऑक्सिजन ठरलं. तिघांपैकी एकटं हेलियम खरं निघालं.

ते निघालं एका काळ्या खनिजातून. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या विल्यम हिलब्रँडला युरेनियमची खनिजं आम्लात उकळताना एक निष्क्रिय वायू मिळाला होता. त्यानं तो नायट्रोजन ठरवला. १८९४ मध्ये रॅली यांच्यासह आर्गॉन शोधलेले विल्यम रॅमसे तेव्हा आर्गॉनची संयुगं धुंडाळत होते. ब्रिटिश म्युझियममधल्या हेन्री मायर्स यांनी त्यांचं लक्ष हिलब्रँडच्या निबंधाकडे वेधलं. मार्च १८९५ मध्ये रॅमसेंनी लंडनला क्लेव्हाइट हे खनिज सल्फ्युरिक आम्लात उकळलं, निघालेला वायू शुद्ध केला, नळीत भरून वीज सोडली. पिवळी रेषा चमकली. पहिली शंका अर्थातच सोडियमचीच, तो सगळीकडे घुसतो. शेजारी सोडियमच्या रेषा ठेवून पाहिल्या, जुळेनात. नमुना विल्यम क्रूक्स यांच्याकडे गेला, त्यांनी मोजून सांगितलं की ही ‘डी-३’ आहे. लॉकयरलाही नमुना मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये उप्सालाला क्लेव्ह आणि लांगलेट यांनीही स्वतंत्रपणे हा वायू मिळवून त्याचा अणुभार काढला.

पण सूर्यावरचा वायू दगडात आला कसा? याचं उत्तर किरणोत्साराच्या शोधानंतर मिळालं आणि त्यातला रदरफोर्ड व रॉइड्स यांचा १९०८ चा मँचेस्टरमधला प्रयोग फार देखणा आहे. त्यांनी एक काचेची नळी इतकी पातळ करवून घेतली, भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी, की किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे अल्फा कण तिच्यातून पार व्हावेत पण वायू गळू नये. आत रेडॉन हा किरणोत्सारी वायू भरला, बाहेर निर्वात नळी. दोन दिवसांनी बाहेरच्या नळीत पिवळी रेषा आली. सहा दिवसांत हेलियमच्या सगळ्या ठळक रेषा हजर. आतल्या नळीत साधं हेलियम भरून तेही गळत नाही ना, हे तपासलं, गळत नव्हतं. अल्फा कण म्हणजे हेलियमचं अणुकेंद्र, यात मग शंका उरली नाही. त्याच वर्षी १० जुलैला लायडनला कामरलिंग ओनेस यांनी हेलियम उणे २६९ अंशांवर द्रवरूपही केलं.

दरम्यान कॅन्सस राज्यातल्या डेक्स्टर गावात १९०३ मध्ये वायूची मोठी विहीर लागली. गावानं समारंभ ठेवला, वायूच्या झोतावर पेटता गवताचा भारा लोटला, तर भाराच विझला. कॅन्सस विद्यापीठात नमुना तपासला तेव्हा तो बहुतांशी नायट्रोजन निघाला, आणि १९०५ च्या अखेरीस त्यात १.८४ टक्के हेलियम आढळलं. तोवर दुर्मीळ समजला जाणारा वायू जमिनीखाली भरपूर आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

सूर्यात हेलियम किती, हे कळायला आणखी वेळ गेला. सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटलं नाही आणि त्यांच्या आग्रहापोटी पेन यांनी स्वतःचा निष्कर्ष संशयास्पद म्हणून लिहिला. चारच वर्षांत रसेल स्वतः त्याच मुक्कामावर पोचले. आज सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण चौथा हिस्सा हेलियम मानतात. त्यातलं बरंचसं विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतलं, उरलेलं सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून बनलेलं. पृथ्वीच्या पोटातल्या हेलियमचा मार्ग निराळा. क्लेव्हाइटमधून रॅमसेंनी बाहेर काढलेला वायू सूर्याकडून आलेला नव्हता. तो त्याच दगडातल्या युरेनियमच्या क्षयातून, अल्फा कणाअल्फा कणानं, साठत गेला होता.