'क'मध्ये लपलेला 'अ'

'क' म्हणायला सांगितलं की मूल 'क' म्हणतं, आणि त्या उच्चारात 'अ' आलेलाच असतो. मग 'अ' हा स्वर आणि 'क' हे व्यंजन, हे त्याला ओळखू यावं कसं? ही अडचण मुलाच्या समजेची नाही. तिचं मूळ आपल्या लिपीत आहे.

स्वर-व्यंजनांची विभागणी मुळात झाली ती कानाने. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या परंपरेत वर्ण ज्यांत ओळीने मांडले आहेत त्या 14 माहेश्वर सूत्रांपैकी पहिल्या चारांत स्वर आहेत आणि उरलेल्या दहांत व्यंजनं. स्वरांचं नाव 'अच्', व्यंजनांचं 'हल्'. पाय मोडलेल्या अक्षराला आपण 'हलन्त' म्हणतो, तो शब्द इथूनच आला. पुढे पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या विवेचनात, लिहिलं, 'स्वयं राजन्ते इति स्वराः': जे स्वतःच्या बळावर शोभतात ते स्वर, व्यंजन त्यांच्या मागून चालतं. 'स्वराच्या मदतीशिवाय व्यंजनाचा उच्चार होत नाही' हे शाळेतलं वाक्य याच विचाराच्या वळणाचं. ग्रीकांनीही व्यंजनाला 'सोबतीने वाजणारं' अशाच अर्थाचं नाव दिलं होतं.

पण मूल 'स्‌स्‌स्' असा आवाज लांबवून दाखवतं, तेव्हा ही व्याख्या लंगडी पडते. म्हणून मला जुन्या ध्वनिशास्त्राची दुसरी कसोटी लहान वर्गासाठी फार मोलाची वाटते, ती स्पर्शाची. 'प'ला ओठ मिटतात, 'त'ला जीभ दातांना टेकते. 'क'पासून 'म'पर्यंतच्या 25 व्यंजनांना 'स्पर्श' हेच नाव आहे. 'स'मध्ये पूर्ण स्पर्श नसला तरी वाट अरुंद होते आणि हवा घासत जाते. 'आ' म्हणताना मात्र वाट मोकळी असते. हे मुलाला आरशात दिसतं, जिभेला जाणवतं. पाठ करावं लागत नाही.

लिपीने हा भेद झाकला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या ब्राह्मी लेखांतच ही पद्धत दिसते: नुसतं अक्षर लिहिलं की त्यात 'अ' धरायचा, बाकीचे स्वर खुणांनी जोडायचे. आपला काना, मात्रा, वेलांटी त्याच घराण्यातले. सोय मोठी, पण 'अ'ला खूणच उरली नाही. ग्रीकांनी उलट केलं. त्यांनी आपली लिपी ज्या फिनिशियन लिपीवरून घेतली, तिच्यात फक्त व्यंजनं होती. त्यांतली आपल्या भाषेत नको असलेली काही अक्षरं त्यांनी स्वरांना दिली, त्यामुळे स्वर व्यंजनांच्या रांगेत येऊन बसले.

मराठी वर्णमाला अलीकडेही बदलली आहे. 2009च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वरांत आले, कारण ते आपल्या बोलण्यात कधीच रुळले होते. 'ऋ'चं मात्र उलट झालं. संस्कृतात तो खरा स्वर होता. मराठीत त्याचा उच्चार 'रु' झाला, पण तक्त्यातली जागा तीच राहिली. 'ऋ' व्यंजनासारखा वाटतो असं एखादी मुलगी म्हणाली, तर तिच्या कानाने बरोबर ऐकलेलं असतं.