‘ख्रिस्ती लोकांत वारी नसते’ : अर्धवट माहितीचा खुलासा

आषाढी जवळ आली की सोलापुरात टाळ ऐकू येतात आणि चहाच्या गाड्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, “ख्रिस्ती लोकांत वारी-बिरी नसते.” चर्चला जाणारेही माना डोलावतात.

बायबल उघडा. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात इस्राएली पुरुषांना वर्षातून 3 सणांना देवासमोर हजर व्हायला सांगितलंय : बेखमीर भाकरीचा (म्हणजे वल्हांडणाचा, मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची आठवण), सप्ताहांचा आणि मांडवांचा. पुढे हजर व्हायचं ठिकाण यरुशलेम (जेरुसलेम) ठरलं. शहर डोंगरावर, म्हणून तिकडे कायम ‘वर’ जायचं. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली 120 ते 134 ही 15 छोटी स्तोत्रं त्या चढणीचीच मानतात. आपल्याकडे वाटेवर अभंग म्हणतात तसंच!

येशू 12 वर्षांचा असतानाची गोष्ट तर अगदी दिंडीतली वाटते. सण संपला, मंडळी परत निघाली. पोरगा सोबतच्यांत असेल म्हणून आईबाप दिवसभर चालले. शोधाशोध झाली, 3 दिवसांनी सापडला मंदिरात, गुरुजींना प्रश्न विचारत.

मग गैरसमज आला कुठून? माझ्या मते, सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रचारकांच्या संस्थेचं काम झालं, ते प्रोटेस्टंट. 16व्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने यात्रांवर कडक टीका केली होती, त्यामुळे त्या परंपरेत यात्रेला फारसं स्थान उरलं नाही. कॅथलिक मात्र आजही तमिळनाडूतल्या वेलंकनीला, वांद्र्याच्या माउंट मेरीला जातात. एवढं खरं, की ख्रिस्ती माणसाला यात्रा सक्तीची नाही. शोमरोनी (यरुशलेमऐवजी आपल्या डोंगरावर उपासना करणाऱ्या समाजातल्या) बाईला येशूने सांगितलंच होतं : पित्याची उपासना ना या डोंगरावर, ना यरुशलेमात अडलेली.