अर्जाचे दुसरे पान पाल्यालाच लिहू द्यावे
(उन्हाळी जीवनकौशल्य वर्गाच्या पालकांसाठी माहितीपत्रक)

१३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी मे महिन्यात साताऱ्यात आम्ही घेत असलेल्या चार आठवड्यांच्या वर्गाचे वेळापत्रक आणि शुल्क सोबतच्या पत्रकात दिले आहे. येथे फक्त प्रवेश-अर्जाच्या दुसऱ्या पानाविषयी लिहीत आहोत, कारण दरवर्षी सर्वाधिक फोन त्याच पानाबद्दल येतात आणि ते भलत्याच हाताने लिहिले गेल्यामुळे आमचा सर्वाधिक वेळही तेथेच वाया जातो.

पहिले पान पालकांचे आहे. आजार, चालू असलेली औषधे, ॲलर्जी, संपर्क क्रमांक आणि लेखी संमती ही माहिती आपणच भरावी. दुसऱ्या पानावर पाल्यासाठी चार प्रश्न आहेत : अलीकडे कोणाच्याही मदतीशिवाय पार पाडलेले काम कोणते, काय येत नाही याची स्वतःलाच लाज वाटते, अडचण आली तर घराबाहेर कोणाकडे जावेसे वाटते, आणि कोणत्या विषयावरचा उपदेश आता नकोसा झाला आहे. हे पान आई किंवा वडील लिहून देतात, नाहीतर शेजारी बसून सांगतात आणि मूल उतरवून घेते. मग अक्षर वळणदार येते, शुद्धलेखन निर्दोष असते आणि उत्तरे घरोघरी तीच येतात : मोबाइल फार पाहतो, अभ्यासात लक्ष नाही, चारचौघांत बोलत नाही.

आमच्याकडे सहा मुलांमागे एक मार्गदर्शक ताई किंवा दादा असतो आणि कोणाला कोणत्या गटात घालायचे हे आम्ही या पानावरूनच ठरवतो. एका वर्षी एका मुलाच्या अर्जावर ‘हिशेबात कच्चा’ असे वडिलांनी लिहिले होते, म्हणून त्याला पैशांचे व्यवहार पहिल्यापासून शिकणाऱ्या गटात बसवले. आठ दिवस तो गप्प होता. नवव्या दिवशी ठरावीक रकमेत मंडईतून सहा जणांचा भाजीपाला आणायला गट गेला, तेव्हा सुट्ट्या पैशांचा घोळ त्याने उभ्याउभ्या सोडवला आणि मामाच्या दुकानातील उधारीची वही दोन वर्षे आपणच लिहीत असल्याचे सहज सांगून टाकले. त्याचे खरे अडलेले काम अनोळखी माणसाशी बोलण्याचे होते. बँकेच्या खिडकीवर जाऊन चौकशी करायची म्हटले तरी त्याच्या घशाला कोरड पडे. चार आठवड्यांतील सव्वा आठवडा असा गेला, आणि तो कोणत्याही शुल्कातून भरून येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या १० मूलभूत जीवनकौशल्यांमध्ये स्वतःची जाणीव, निर्णय घेणे आणि ताण हाताळणे यांचा समावेश आहे. स्वतःविषयी चार ओळी लिहिणे हा त्यामुळे आमच्या दृष्टीने वर्गाचा पहिलाच धडा असतो. पान कोरे आले तरी हरकत नाही, कारण कोऱ्या पानावरूनही आम्हाला पुष्कळ कळते. पालकांच्या अक्षरातील पान मात्र आम्ही परत पाठवतो. यास काहीजण अडवणूक म्हणतात. परंतु १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद पाहत वाढलेल्या गावात हे फार समजावून सांगावे लागू नये, असे आम्हाला वाटते.

‘त्याने काय लिहिले ते आम्हाला दाखवाल का?’ असेही विचारले जाते. दाखवत नाही, आणि हे मुलांनाही आधीच सांगितलेले असते. अन्यथा पुढच्या वर्षीपासून मुलेही पालकांना आवडेल तेच लिहू लागतील. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवल्यास मात्र आम्ही गप्प बसत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हा अपवादही मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगितला जातो. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला जातो.

सहाच्या गटामुळे आमचे शुल्क इतर उन्हाळी शिबिरांपेक्षा जास्त आहे, हे मान्य आहे. त्यात दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा मार्गदर्शकाची भेट समाविष्ट असून, शाळा सुरू झाल्यानंतरच्या याच भेटी अधिक उपयोगी पडल्याचे जुने पालक सांगतात. दहावीची परीक्षा दिलेल्यांचा गट सर्वांत आधी भरतो. निकालाची वाट पाहत थांबल्यास जागा उरत नाही.

भरलेला अर्ज पाल्याने स्वतः पोवई नाक्याजवळील आमच्या कार्यालयात सायंकाळी ४ ते ६ या वेळेत आणून द्यावा. सोबत आलेल्या पालकांसाठी खाली जिन्याजवळ बाक ठेवला आहे. वर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.