नेट आणि सेट: पात्रता एक, पदरात पडतं ते वेगळं

सेटचा निकाल लागला की जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहाद्याच्या एमए-एमएस्सीवाल्यांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास फिरतं: "सेट निंघनी, आते नेट कसाले देवानी?" दोन्ही सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, सेट राज्याची आणि नेट देशपातळीची. सेट म्हणजे महाराष्ट्रापुरती सोपी नेट, ती निघाली की नेटचं काम संपलं, असा यामागचा समज. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच इतकी वर्षं टिकला. उरलेल्या अर्ध्यापायी हुशार पोरांची तिशी उलटते आणि मग फेलोशिपचं दार बंद झाल्याचं कळतं.

नेट बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिच्यावर फार शब्द घालवत नाही. एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था ती घेते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी, संगणकावर. पेपर एकमध्ये ५० प्रश्न, पेपर दोनमध्ये १००, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. प्रश्नसंख्या आणि गुण तेवढेच, फक्त पेपर एकला एक तास, पेपर दोनला दोन तास आणि मध्ये थोडी सुट्टी. इथेही गुण कापत नाहीत. पदव्युत्तरला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, ही अट दोन्हीकडे सारखी. दोन्ही पेपर मिळून किमान ४० टक्के, राखीवसाठी ३५, आणि दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी सहा टक्क्यांच्या आसपास उमेदवार पात्र, हाही नियम दोन्हीकडे एकच. तेव्हा सेट सोपी असते, या बोलण्याला फारसा आधार नाही. सोपी वाटते ती मराठीमुळे, त्याबद्दल पुढे.

आता जिथे खरी गफलत होते तिथे येऊ. या परीक्षांतून तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळू शकतात: सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, पीएचडीच्या प्रवेशाची पात्रता आणि संशोधनासाठी दरमहा पैसे, म्हणजे जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप). सेट यांतली फक्त पहिली देते. जेआरएफ सेटमध्ये नाही, कितीही गुण पडले तरी नाही. सेटच्या निकालानंतर "फेलोशिप कधी सुरू होईल?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. ती सुरू होणार नाही, कारण सेट मुळात त्यासाठी नाहीच.

पैशाचा हिशेब मांडला की फरक किती मोठा आहे ते दिसतं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर महिना ४२,०००, आणि एकूण मुदत पाच वर्षं. पहिल्या २४ महिन्यांचे ८ लाख ८८ हजार, पुढच्या ३६ महिन्यांचे १५ लाख १२ हजार, म्हणजे बरोबर २४ लाख. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं, किरकोळ खर्चाचं अनुदान वेगळं. घरची पाच-सात एकर कोरडवाहू कपाशी असलेल्या पोराला पीएचडी करायची की तासिका तत्त्वावर धावपळ करायची, याचा निकाल बहुतेक वेळा या रकमेवरच लागतो.

या पैशाला वयाची अट आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नेटमध्ये जेआरएफसाठी कमाल वय ३० वर्षं. ओबीसी (नॉन क्रीमी लेअर), अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, तृतीयपंथी आणि सर्व प्रवर्गांतल्या महिला यांना पाच वर्षांची सवलत. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही, ना नेटमध्ये ना सेटमध्ये. म्हणजे पात्रता तुम्ही चाळिशीतही मिळवू शकता, जेआरएफ नाही. असं असताना "आधी सेट काढू, मग निवांत नेट बघू" हा क्रम सरळ उलटा आहे. ज्या गोष्टीची मुदत संपणार आहे ती आधी घ्यायची. खुल्या प्रवर्गातला मुलगा तेविसाव्या वर्षी एमए होतो, दोन वर्षं एमपीएससीत जातात, मग बीएड, मग तासिका तत्त्वावरच्या दोन-तीन वर्षांत सेटचे प्रयत्न. सेट निघते तेव्हा तो एकोणतीस-तीस वर्षांचा असतो.

त्यातही सेट दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होईलच असं नाही. २६ सप्टेंबर २०२१ नंतरची परीक्षा थेट २६ मार्च २०२३ ला झाली, पुढची ७ एप्रिल २०२४ ला, त्यापुढची १५ जून २०२५ ला. एक संधी हुकली की वर्ष, कधी त्याहून जास्त, हातचं जातं.

जून २०२४ पासून नेटच्या निकालातच तीन प्रवर्ग झालेत आणि त्यातून नवा घोळ सुरू झालाय. पहिला प्रवर्ग: जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक, पीएचडी प्रवेशाच्या पात्रतेसह. दुसरा: सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, पण जेआरएफ नाही. तिसरा: फक्त पीएचडी प्रवेश. हा तिसरा निकाल हातात आल्यावर "नेट निघाली" म्हणून पेढे वाटले जातात. खुशाल वाटा, पण कॉलेजच्या जाहिरातीत नेट किंवा सेट आवश्यक असं लिहिलेलं असतं तिथे हा निकाल चालत नाही. तो शिकवण्याची पात्रता देत नाही आणि प्रवेशासाठीही एकच वर्ष चालतो. दुसऱ्या प्रवर्गाचे गुणही पीएचडी प्रवेशासाठी वर्षभरच चालतात, पण त्याची प्राध्यापकपदाची पात्रता कायमची असते. प्रवेशात या दोन्ही प्रवर्गांना परीक्षेच्या गुणांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३०. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. तेव्हा गुणपत्रकावरचे गुण नंतर बघा, प्रवर्गाची ओळ आधी वाचा.

सेटधारकांना पीएचडीची पेट, म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते का? अनेक विद्यापीठं त्यांना सूट देतात. तरी गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीची प्रवेश अधिसूचना वाचा. पेटमधून सूट मिळाली म्हणजे मार्गदर्शकाकडे जागा मिळाली, असंही होत नाही.

नोकरीत नेट आणि सेट सारख्याच, हेही अर्धसत्य. अर्ज करण्याची पात्रता म्हणून महाराष्ट्रात दोन्ही सारख्या. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीची यादी करायला जो गुणतक्ता दिलाय त्यात कॉलेजसाठी जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५ गुण आहेत. विद्यापीठ विभागांसाठी हेच ७, ५ आणि ३. हे गुण एकमेकांत मिळवत नाहीत. नेट आणि सेट दोन्ही असतील तर ८ आणि ५ मिळून १३ होत नाहीत, ८ च धरतात. नेट निघाल्यावर फक्त प्रमाणपत्रांची संख्या वाढवायला सेट देत राहणं म्हणजे वेळ वाया घालवणं, तो वेळ एखाद्या चांगल्या शोधनिबंधाला द्या. निवडीच्या पद्धतीत राज्य शासन बदल करत असतं, म्हणून अर्ज भरताना त्या जाहिरातीसोबतचा तक्ताच प्रमाण माना.

खान्देशाला एक फरक इतरांपेक्षा जास्त जाणवतो, तो हद्दीचा. १ जून २००२ नंतरच्या सेटची पात्रता त्या-त्या राज्यापुरतीच चालते. आपली सेट महाराष्ट्र आणि गोव्यात. रावेरच्या मुलीला बऱ्हाणपूरचं कॉलेज जळगावपेक्षा जवळ पडतं, पण ते मध्य प्रदेशात, तिथे आपली सेट उपयोगाची नाही. नवापूर स्टेशनाचा काही भाग गुजरातेत आहे, ताप्ती लाईनवरून सुरतेला रोज गाड्या जातात, उधना-लिंबायतमध्ये आपली निम्मी भाऊबंदकी राहते. तरी सुरतेच्या कॉलेजला अर्ज करायचा तर नेट हवी किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडून होणारी गुजरातची जीसेट. लग्नानंतर सुरतेला जायची शक्यता असलेल्या मुलींनी तर नुसत्या सेटवर थांबूच नये.

विज्ञानवाल्यांचं प्रकरण वेगळं. एमएस्सी केमिस्ट्री, फिजिक्स, गणित, बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी यूजीसी नेटच्या यादीत आपला विषय शोधत बसू नये. त्यांची परीक्षा सीएसआयआर-यूजीसी नेट (सीएसआयआर म्हणजे केंद्राची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), आणि जीवशास्त्राच्या सगळ्या शाखा तिथे लाइफ सायन्सेस या एकाच विषयात येतात. तिची घडण सेटहून पूर्ण वेगळी आहे. केमिकल सायन्सेसमध्ये भाग अ चे २० पैकी १५, भाग ब चे ४० पैकी ३५ आणि भाग क चे ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात आणि निम्मे गुण एकट्या भाग क मध्ये. सेटमध्ये सगळे प्रश्न सोडवायचे, शिवाय अध्यापन-संशोधन क्षमतेचा वेगळा पेपर एक असतो, जो सीएसआयआरमध्ये नाही. विषयात पक्की असलेली पोरं सेटमध्ये अडकतात ती याच पेपरात. आणि सेटच्या सवयीने सीएसआयआरमध्ये अंदाजे उत्तरं ठोकणारी पोरं मिळवलेले गुणही घालवून बसतात. जेआरएफच्या वयाची अटही त्यांनी सीएसआयआरच्याच माहितीपत्रकात बघावी.

भाषेचं सांगायचं राहिलं. यूजीसी नेट इंग्रजी आणि हिंदीत असते. सेटमध्ये पेपर एक आणि सामाजिक शास्त्रांसारखे विषय मराठीतही असतात. मराठी माध्यमातून इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र केलेल्यांना सेट जवळची वाटते ती म्हणूनच. मराठी विषयवाल्यांचा पेपर दोन नेटलाही मराठीत असतो, पण पेपर एक नाही. यावर उपाय कष्टाचा, पण साधा आहे: पहिल्या सत्रापासून वहीत संज्ञांचे तीन रकाने ठेवा. मागणीची लवचिकता, मांग की लोच, इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड. प्रत्येक घटकाच्या चाळीस-पन्नास संज्ञा अशा बसल्या की नेटच्या पेपरची भीती निम्मी कमी होते. माध्यमाची सबब सांगून नेट टाळणं मला मुळीच पटत नाही.

जातीच्या दाखल्यापायीही चांगले अर्ज वाया जातात. सेट राज्याचे प्रवर्ग मानते, नेट केंद्राचे. भटक्या-विमुक्तांतले बहुतेक समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, तेव्हा आपली जात तिथे कोणत्या नावाने आहे ते आधी बघा. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, नेटच्या अर्जात तो नसतो. तिथे खुला प्रवर्ग किंवा निकष बसत असतील तर ईडब्ल्यूएस. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्याच नमुन्यात हवेत. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर सेतू केंद्रात रांग लावू नका, दीड-दोन महिने आधी काढून ठेवा.

मग क्रम काय ठेवायचा? पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला असतानाही दोन्ही परीक्षा देता येतात, पदवी मात्र निकालानंतर दोन वर्षांच्या आत लागणाऱ्या टक्केवारीसह पूर्ण करावी लागते. पहिल्या वर्षी पेपर एक उरकून घ्या. दहा घटक, प्रत्येकाचे साधारण पाच प्रश्न. त्यातलं गणिती आणि तार्किक अनुमान, आकडेवारीचा अर्थ लावणं यांचा रोज अर्धा तास सराव करा, कारण ते पाठ करून येत नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा आणि डिसेंबर, पुढे जून, अशा नेटच्या दोन्ही सत्रांना बसा. अर्जात जेआरएफसह असलेलाच पर्याय निवडा. पीएचडी करायचं अजून ठरलं नाही म्हणून नुसतं सहायक प्राध्यापक निवडणारे हकनाक नुकसान करून घेतात. यूजीसीच्या जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं, तेवढ्या वेळात ठरवता येतं. मधे सेट आली तर तीही द्या, यूजीसी नेटवाल्यांना तिच्यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

सेट आधी घ्यावी असे उमेदवार दोनच प्रकारचे: जेआरएफचं वय उलटलेले, आणि तासिका तत्त्वावर शिकवत असताना याच वर्षी पात्रता दाखवावी लागणारे. वय उलटलेल्यांना पीएचडीसाठी पैसे हवे असतील तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती बघाव्यात. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिपही बघावी. या वाटा पीएचडीच्या नोंदणीवर चालतात, सेटच्या प्रमाणपत्रावर नाही.

आणि बायोडेटात "नेट/सेट क्वालिफाइड" असं तिरकी रेघ मारून लिहू नका. छाननी करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही आणि लपवाछपवीचा संशय येतो. "सेट, इतिहास, जून २०२५" अशी एक ओळ. नेट असेल तर तिची वेगळी ओळ: विषय, सत्र, वर्ष आणि निकालाचा प्रवर्ग. प्रत निकालाची नव्हे, पात्रता प्रमाणपत्राची जोडा.