कपाट (शब्दार्थ व व्युत्पत्ती)

कपाट : वस्तू ठेवण्यासाठी खण किंवा फळ्या असलेले, दारे लावून बंद करता येणारे लाकडी अथवा लोखंडी साधन. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे.

संस्कृतात मात्र ‘कपाट’ म्हणजे दार, नेमके सांगायचे तर दाराची फळी. कालिदासाने तरुण रघूचे वर्णन करताना त्याला ‘कपाटवक्षाः’ म्हटले आहे, म्हणजे दाराच्या फळीसारखी रुंद छाती असलेला. हिंदीत हा अर्थ अजून जिवंत आहे. म्हणूनच बद्रीनाथचे ‘कपाट खुलते’. ती बातमी मराठीत जशीच्या तशी उतरवू नये. तिथे ‘दरवाजे’ किंवा ‘दारे’ हाच शब्द हवा.

मराठीने हा एकच शब्द दोन वाटांनी घेतला. प्राकृतातून झिजत आलेले ‘कवाड’ दारच राहिले आणि संस्कृत रूपातले ‘कपाट’ घरातल्या साठवणीच्या जागेला चिकटले. या अर्थबदलाचा दुवा फडताळात सापडतो, असे वाटते. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत कोनाड्यापेक्षा मोठी जागा सोडून आत फळ्या बसवत आणि पुढे दोन झडपा, कडी-कोयंडा लावत. बंद फडताळाची फक्त दारेच दिसतात, बाकी सगळे भिंतीच्या पोटात. दाराचे नाव आतल्या जागेला पडणे मग स्वाभाविक होते.

‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ लॅटिन ‘आर्मारियम’, ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रे व अवजारे ठेवण्याची पेटी. त्यावरून पोर्तुगीजात ‘आर्मारियु’ आणि र-चा ल होऊन ‘आल्मारियु’ अशी रूपे झाली. मराठीतले ‘आरमार’ पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आले आणि त्याचेही मूळ ‘आर्मा’च. लढाऊ जहाजांचा ताफा आणि कपड्यांची अलमारी शब्दांच्या नात्याने सख्ख्या आहेत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते.

गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली आणि पुढे ‘गोदरेजचे कपाट’ हा मराठी घरात सामान्यनामासारखा शब्दप्रयोग झाला. दारावर उभा आरसा, आत किल्लीचा चोरकप्पा, घडी घातलेल्या शालूंत डांबराच्या गोळ्या. फडताळ मात्र आता बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. ते जपायला हवे, कारण भिंतीतल्या कपाटासाठी इतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही.